रविनाच्या दवाखान्यात

"वारघडे कुठं हाय? रविना वारघडे?" सकूनं खिडकीचे गज धरून विचारलं. "माझी पोर हाय ती. तिला इथं ठेवलंय."

खिडकीच्या आत बसलेल्या कमलेशनं मान वर केली. विद्यापीठाच्या जव्हार केंद्राच्या आवारातल्या या छोट्या दवाखान्यात केसपेपर काढण्यापासून गोळ्या देण्यापर्यंतची सगळी कामं तोच करायचा. समोरच्या बाईचं लुगडं घामानं अंगाला चिकटलं होतं, पायांवर चिखलाचे शिंतोडे वाळले होते. काखेत एक गाठोडं होतं, ते ती सारखं या काखेतून त्या काखेत करत होती.

"कोणत्या वर्गाला आहे?"

"ते... बेडूक-बिडूक शिकत्यात, त्या."

"झूलॉजी. ॲडमिट केलंय का तिला?"

"मला काय ठावं? तिचाच फोन आला व्हता. आये, मी दवाखान्यात हाय, तू ये, येवढंच बोलली आन् ठेवला."

"बसा तुम्ही. सिस्टरला विचारून येतो."

भिंतीला लागून निळ्या खुर्च्यांची रांग होती. तिथं दोन-तीन मुली मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. सकू बसली नाही. ती दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा दारापर्यंत गेली.

सकाळी ती नागलीच्या उतारावर गवत काढत होती. नवरा जिवा बांधावरून मोबाइल हातात धरून धावत आला, तेव्हाच तिला कळलं होतं की काहीतरी वाईट आहे. तो कधी धावत नाही. निरोप ऐकून तिनं विळा तिथंच टाकला. घरात शेळी व्यायला टेकली होती, भाताला लोंब्या धरायला लागल्या होत्या, रात्री डुकरं उतरत होती. कशाचाच विचार न करता तिनं चार नागलीच्या भाकरी बांधल्या, भगताकडून मंतरलेले तांदूळ घेतले आणि सूर्यमाळच्या खाली सडकेला येऊन जीप धरली. खोडाळ्याला जीप बदलून एसटी. मोखाडा गेलं, घाट गेला. जागा असूनही ती दांडीला धरून उभीच राहिली. एका म्हाताऱ्यानं दोनदा सरकून जागा केली. तिनं दोनदा मान हलवली.

'दवाखाना' हा शब्दच सकूला नको वाटायचा. ती परकरात होती तेव्हा वावर गावात तिच्या मावशीकडे एकामागून एक लेकरं आजारी पडली होती. मावशीच्या घरातून झोळी करून जे जे दवाखान्यात नेलं, ते परत आलं नाही. तेव्हापासून दवाखान्यात माणूस जातो तो कशासाठी, हे तिच्या मनात पक्कं झालं होतं.

कमलेश येईपर्यंत तिला दम निघेना. तिनं समोरचं दार ढकललं. आत दोन खाटा होत्या. एकीवर पायाला पट्टी बांधलेला मुलगा झोपला होता. दुसरी रिकामी होती. चादर नुकतीच बदलल्यासारखी कडक, उशी सरळ.

सकू त्या रिकाम्या खाटेकडे धावली.

"कुठं नेली?" ती ओरडली. "माझी पोर कुठं नेली?"

खुर्च्यांवरच्या मुली उठून उभ्या राहिल्या. पट्टीवाला मुलगा दचकून जागा झाला. आणि तिच्या मागून आवाज आला, "आये."

रविना दारात उभी होती. दोन वेण्या, पाठीला दप्तर, गाल लाल. धावत आल्यासारखी. सकूनं गाठोडं खाली टाकलं आणि दोन्ही हातांनी तिचं कपाळ, मान, पोट चाचपलं.

"ताप नाय."

"नाय."

"उलट्या झाल्या? चक्कर आली? खाल्लंस काय?"

"आये, ऐक."

"मंग तुला झालंय काय?"

रविनानं तिचे हात धरले. "मला काय नाय झालं," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

सकूला ते आधी समजलंच नाही. तिनं पुन्हा एकदा पोरीच्या कपाळाला हात लावला.

"तुझ्यासाठी बोलवलं मी," रविना हलक्या आवाजात म्हणाली. "आज लेडी डॉक्टर येतात. गुरुवारी विद्यार्थ्यांच्या आई-बापांनापण बघतात इथं. मी सिस्टरला सांगून ठेवलंय. तू नुसती आत चल."

"मला काय धाड भरलीय?"

रविना नुसती बघत राहिली. आणि त्या बघण्यावरून सकूला कळलं की पोरीला ठाऊक आहे.

मे महिन्यात रविना सुट्टीला घरी आली होती. एक दिवस पहाटे ती परसात आली आणि सकू कुडाच्या आडोशाला लुगडं वर करून, चिंधीचा गोळा हातात घेऊन उभी होती. पोर तशीच मागे फिरली. तिनं काही विचारलं नाही, सकूनंही काही सांगितलं नाही. अंधारात तिला काय दिसणार, असं म्हणून सकूनं मनाची समजूत घातली होती.

तुषारच्या वेळचं होतं ते. हा धाकटा मुलगा. त्याची पाचवी पुजून झाली न झाली तोच लावणी आली होती. जिवा तापानं फणफणला होता आणि भाताच्या आवणात रोपं पिवळी पडायला लागली होती. सकू पोटाला फडकं बांधून चिखलात उतरली. संध्याकाळी सरपणाची मोळी डोक्यावर घेताना आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. खोकताना, बसताना, ओझं उचलताना अंग बाहेर यायला लागलं. तिनं ते आत सारायचं, चिंधी लावायची आणि कामाला लागायचं. आता तुषार आश्रमशाळेत मोठ्या वर्गात गेला होता, त्याला मिसरूड फुटायला लागलं होतं.

"सकूबाई ना? या आत."

पडद्याच्या मागून चंदना सिस्टर बाहेर आली होती. मध्यम वयाची, ठेंगणी, केसांचा घट्ट अंबाडा. तिनं गाठोडं उचलून टेबलावर ठेवलं, जणू सकू तिच्याच घरी आली होती. "लांबून आलात. पाणी घ्या आधी. घाबरायचं काही नाही, बाईमाणूसच आहे डॉक्टर. नुसतं बघतील."

पडद्याच्या फटीतून सकूला आतलं दिसलं. उंच लोखंडी खाट, तिला पाय अडकवायला दोन्ही बाजूंना कड्या. एका ताटात चकचकीत चिमटे. तसली खाट तिनं एकदाच पाहिली होती, मधल्या लेकराच्या वेळी. ते लेकरू रडलंच नव्हतं.

तिनं टेबलावरचं गाठोडं ओढून घेतलं आणि ती तडक बाहेर पडली.

"आये! आये, थांब!"

दवाखान्यापासून फाटकापर्यंत गुलमोहरांची रांग होती. सकू इतक्या जोरात चालत होती की रविनाला पळावं लागत होतं. फाटकाशी पोरीनं तिचा दंड धरला. सकू फिरली आणि तिनं रविनाच्या थोबाडीत दिली.

फाटकावरचा वॉचमन खुर्चीतून उठला आणि काय करावं ते न कळून पुन्हा बसला.

"मी तुला मेलेली बघाया आले व्हते," सकू म्हणाली. "खोडाळ्यापासून इथवर मी तुझं मढं बघितलं, कळलं का तुला? घाटात परत्येक वळनावर बघितलं. असं खोटं बोलतात का आयेशी?"

"खरं सांगून तू आली असतीस का?" रविनाच्या गालावर बोटं उठली होती. तिनं गालाला हात लावला नाही. "मी जूनमधे फोनवर बोलले व्हते ना, एकदा तपासून घे? तू काय म्हनलीस? नांगर धरायचाय. गौरीच्या सणाला पुन्हा बोलले. तू म्हनलीस, गप ऱ्हा."

"मंग गप ऱ्हायचं."

"मी नाय ऱ्हानार. आमच्या पुस्तकात हाय ते सगळं, आये. चित्र हाय. ते बरं व्हतं. मी वाचते आन् मला तू दिसतेस कुडामागं." तिनं नाक पुसलं. "इथं आपल्या पाड्याचं कोनी येत नाय. कोनाला कळनार नाय. म्हनून इथं बोलवलं. मार पायजे तेवढं. पन आत चल."

सकू उत्तर न देता सडकेला लागली. थोडं पुढं जाऊन तिनं मागं पाहिलं. रविना फाटकातच उभी होती. ती मागं येत नव्हती, आणि त्याचाच सकूला जास्त राग आला.

जव्हारच्या स्टँडवर खोडाळ्याची गाडी लागायला वेळ होता. सकू फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत राहिली. शेळी व्याली असेल. पिल्लू आडवं आलं तर जिवाला जमणार नाही, तो नुसता बघत बसेल. पोरीला एवढी मारायला नको होती. पण पोरीनं तरी असं करायचं? आणि त्या सिस्टरला सगळं सांगितलं. त्या डॉक्टरीणबाईला सांगितलं. त्या खिडकीतल्या बाप्याला तर नसेल सांगितलं?

"सकू? सकू हायस का तू?"

स्टँडच्या कुंपणाशी काकड्यांचा ढीग लावून रुपी बसली होती. तिला पाहिल्यावर सकूच्या ध्यानात आलं की आपण मघापासून कुंपणाकडे बघायचं टाळत होतो. रुपी तिच्याच पाड्याची, तिच्याच बरोबरीनं लग्न होऊन आलेली. काही वर्षांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं, गर्भाची पिशवी काढली. सहा महिन्यांत तिच्या नवऱ्यानं दुसरी आणली आणि रुपी जव्हारला भावाकडे आली, ती परत गेलीच नाही. पाड्यावरच्या बायका तिचं नाव काढून एकमेकींना भिववायच्या. पिशवी काढली का बाई रिकामी व्हते. रिकाम्या बाईला कोन ठेवतं? सकूनं स्वतःही हे कुणाला तरी सांगितलं होतं.

"काय काम काढलंस?" रुपीनं विचारलं. "पोर बरी हाय ना? इथंच शिकते तुझी."

"बरी हाय." सकूनं एक काकडी उचलली, खाली ठेवली, दुसरी उचलली. मग एकदम म्हणाली, "रुपी, तुझी पिशवी काढली ती कशापायी?"

रुपीनं तिच्याकडे बघितलं. तिचा हात काकड्यांवर पाणी मारता मारता थांबला.

"अंग भाईर यायचं," ती म्हणाली. "तुला सांगितलं नव्हतं का कोनी?"

"नाय."

"मीच नव्हतं सांगितलं कोनाला. मंग कोन सांगनार?" ती हसली. "उभी का? बस ना हितं, गोनपाटावर."

सकू उभीच राहिली. रुपीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पुन्हा बस म्हटलं नाही.

"म्हनून नवऱ्यानं सोडलं तुला," सकू म्हणाली. हे विचारायचं होतं, पण ते सांगितल्यासारखं बाहेर पडलं.

"त्याची ती बाई आधीपासून व्हती. भिवंडीकडं वीटभट्टीवर. त्याला सांगाया कारन पायजे व्हतं, ते गावलं." रुपीनं पुन्हा पाणी शिंपडायला सुरुवात केली. "पन मी खोटं नाय बोलनार तुझ्याशी. घर गेलं माझं. दोन महिने पडून व्हते, कोनी घोटभर पानी नाय दिलं. भावजय रोज ऐकवते. ते हायेच."

"मंग कशाला केलंस?"

समोरून एक गाडी धूर सोडत गेली. रुपीनं काकड्यांवर फडकं ओढलं.

"आता खोकला आला ना, तं मी खोकते," ती म्हणाली. "जोरात हसते. आडोसा शोधत नाय. रातच्याला पाय पसरून झोपते. येवढंच. पन सकू, ते येवढंसं नाय."

खोडाळ्याची गाडी फलाटाला लागली. माणसं दाराशी गोळा झाली. सकू त्या गर्दीत शिरली, पायरीवर पाय ठेवला, दांडी धरून अंग वर ओढलं, आणि नेहमीसारखं आतलं सगळं खाली आलं. पायरीवर एक पाय आणि जमिनीवर एक पाय अशी ती क्षणभर अडकून राहिली. मागचा माणूस ओरडला, "चढा ना बाई, नाय तर सरका."

सकू सरकली.

दवाखान्याचं दार अर्धं लोटलेलं होतं. खिडकी बंद झाली होती. रविना व्हरांड्यातल्या पायरीवर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. सकू तिच्या जवळून आत गेली, थांबली नाही. पोर मागून उठल्याचं तिला ऐकू आलं.

आत डॉक्टरीणबाई पर्स खांद्याला लावून निघायच्या बेतात होत्या. रविनाहून फार तर दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. पायांत बूट, डोळ्यांना चष्मा. चंदना सिस्टर पडदा गुंडाळत होती. दोघींनी वळून पाहिलं.

वाटेत सकूनं काय बोलायचं ते पुष्कळ वेळा मनात म्हटलं होतं. पोटात दुखतं म्हणायचं, कंबर धरते म्हणायचं, मग त्यांचं त्यांना समजेल. पण आता दोन अनोळखी बायकांसमोर उभी राहिल्यावर तिला त्यातलं काहीच आठवेना.

"माझं अंग भाईर येतं," ती म्हणाली.

एवढ्या वर्षांत हे शब्द तिनं कधीच तोंडातून काढले नव्हते. ते बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता काहीतरी होईल. कुणी तोंड फिरवेल, नाकाला पदर लावेल. काही झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी पर्स खुंटीला अडकवली आणि नळाखाली हात धुवायला घेतले.

"कधीपासून?"

"माझा धाकटा सातवीला हाय. तो झाला तवापासून."

बाईंचे हात नळाखाली थोडा वेळ तसेच राहिले. मग त्यांनी नळ बंद केला. "चला," त्या म्हणाल्या. "सिस्टर, पडदा लावा. मुलीला आत यायचंय का?"

"नको," सकू म्हणाली. "ती भाईर ऱ्हाऊ दे."

खाटेवर चढताना चंदना सिस्टरनं तिला हात दिला. कड्यांत पाय अडकवायची वेळ आली तेव्हा सकूनं गुडघे घट्ट मिटून घेतले. ते तिला उघडता येईनात. चंदनानं तिच्या गुडघ्यावर नुसता तळहात ठेवला आणि तिच्याशी भलतंच बोलायला लागली. नागली कशी आहे यंदा? डुकरांनी नासधूस केली का? आमच्याकडेपण वरईत शिरतात मेली. सकू छताकडे बघत उत्तरं देत राहिली. माळा बांधलाय, नवरा राखणीला जातो, पत्र्याचा डबा वाजवतो. मध्येच कळ आली तेव्हा तिनं दात आवळले, पण रडली नाही.

"झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बसा उठून. सावकाश."

त्यांनी समोरच्या स्टुलावर बसून सांगितलं. गर्भाशय पार खाली उतरलंय. घासून घासून जखम झालीय, ती आधी सुकवायला लागेल. आज इथं औषध भरून ठेवते. दोन दिवस इथंच राहा, सिस्टर रोज पट्टी बदलेल. पुढच्या गुरुवारी परत यायचं. जखम भरली की रबराची कडी बसवू, तिच्यावर ते टेकून राहील. पण खरा इलाज ऑपरेशन. मी सरकारी दवाखान्यात असते बाकीचे दिवस, तिथं करू.

"भात झोडून झाल्याबिगर नाय," सकू म्हणाली.

बाईंनी कपाळाला आठी घातली. मग आठी सोडली. "ठीक आहे. भात झोडून झाल्यावर. पण झोडायचं तुम्ही नाही. ओझं उचलायचं नाही. पाण्याचा हंडा नाही, मोळी नाही."

सकूला हसू आलं. बाई शहाण्या होत्या, पण त्यांनी सूर्यमाळ बघितलेलं दिसत नव्हतं. "मंग पानी कोन आननार?"

"ते तुम्ही घरी विचारा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्स उचलली.

संध्याकाळी चंदना सिस्टरनं त्या रिकाम्या खाटेवर तिची सोय केली. पट्टीवाला मुलगा होस्टेलवर गेला होता. रविनानं मेसमधून डाळभात आणला. मायलेकींनी गाठोड्यातल्या भाकरी सोडल्या आणि न बोलता खाल्लं. पोरीचा गाल अजून थोडा सुजलेला होता. सकूनं डाळीतली बटाट्याची फोड काढून तिच्या भातावर ठेवली. रविनानं ती खाल्ली.

"बाबासला फोन लाव," सकू म्हणाली.

फोन लागला आणि जिवाचा आवाज आला तो ओरडतच. "रविना कशी हाय? काय झालं तिला? सकाळपासून फोन लावतोय मी!"

"बरी हाय ती. तिला काय नाय झालं." सकू खाटेवरून उठून खिडकीशी गेली. बाहेर मुली घोळक्यानं होस्टेलकडे चालल्या होत्या. "मला झालंय."

"तुला? काय?"

तिनं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना शब्द सोपे गेले. तिकडे नुसता वारा वाजत होता. तो शेतातल्या माळ्यावर चढला असावा, घरात रेंज नसायची.

"ऐकलं का?"

"ऐकलं," जिवा म्हणाला. मग म्हणाला, "मला ठावं हाय."

सकूनं खिडकीचा गज धरला. "कवापासून?"

"पयल्यापासून."

"मंग बोलला का नाय कवा?"

"तू बोलली नाय." त्यानं खाकरून घसा साफ केला. "मला वाटलं, तुला आवडायचं नाय मी इचारलं तं. बायकांचं असतं. मंग लय वर्सं झाली. मंग कसं बोलायचं?"

तिला मोबाइल भिंतीवर आपटावासा वाटला. त्याला शिव्या घालाव्यात असं वाटलं, आणि शिव्या तोंडापर्यंत आल्याही. एका छपराखाली, एका चुलीशी, एवढे पावसाळे दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत बसले होते. ती आडोसे शोधत होती आणि तो तोंड फिरवून तिला आडोसा देत होता. त्याला वाटत होतं, तो तिच्यावर माया करतोय.

"ओझं नाय उचलायचं म्हनली डागतरीन," ती शेवटी म्हणाली. "हंडाबी नाय."

"बरं."

"बरं म्हंजे काय?"

"बरं म्हंजे बरं. शेळी व्याली," जिवा म्हणाला. "दोन झाली. एक पाट हाय, एक बोकड."

तिनं फोन रविनाच्या हातात दिला. पोरीनं विचारलं, "काय म्हनले बाबास?"

"शेळी व्याली म्हनले," सकू म्हणाली. आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

ऑपरेशन पौषात झालं. भाताची मळणी उरकली होती, नागली कणगीत पडली होती. डॉक्टरीणबाईंनी केलं, चंदना सिस्टर सुट्टीच्या दिवशी मुद्दाम बघायला आली. शुद्धीवर आल्यावर सकूनं तिला हळूच विचारलं, काढलेली पिशवी कुठं टाकली. ती दवाखान्यातच नष्ट करतात, असं चंदनानं सांगितलं. तीन लेकरं त्या पिशवीत वाढली होती. दोन जगली होती. निदान मातीत पुरायला मिळाली असती तर बरं झालं असतं, असं सकूला वाटलं.

घरी आल्यावर पडून राहणं तिला जमेना. ती कूस बदलायची, उठून दारापर्यंत जायची, जिवानं ठेवलेली भांडी पुन्हा लावायची. जिवा चुलीत ओली लाकडं घालायचा आणि घर धुरानं भरायचा. तो पाणी आणायला जायचा तेव्हा पाड्यावरच्या पोरी तोंडाला पदर लावायच्या. बाप्या माणूस हंडा खांद्यावर घेऊन चाललाय, हे कुणी बघितलं नव्हतं. अर्धं पाणी पाठीवर सांडायचं. तो कुणाकडे न बघता चालायचा. सकूचा राग काही गेला नव्हता. तरी त्याची भिजलेली बंडी ती रोज कुडावर वाळत घालायची.

फाल्गुनात जवळची विहीर आटली आणि खालच्या ओहोळातल्या झऱ्यावर जावं लागायला लागलं. एक दिवस सकू जिवाच्या मागून निघाली. पाणी आणायचं नव्हतंच, घरात बसवेना म्हणून. त्या उतारावरून ती लग्न होऊन आल्यापासून रोज गेली होती, पण हातात काही नाही, डोक्यावर काही नाही, अशी कधीच नाही. हातांचं काय करावं ते तिला कळेना. तिनं ते मागं बांधले, मग पुढं आणले, मग सोडून दिले.

झऱ्यावर पाच-सहा बायका होत्या. सकूला बघून त्या गप्प झाल्या. जिवा हंडा भरायला वाकला तशी त्यांनी त्याला वाट करून दिली, आणि एकेक करून आपापली भांडी घेऊन त्या वर चढल्या. रखमी तेवढी मागं राहिली. शेजारच्या तुकाची सून, दोन लेकरांची आई, अजून तिशीही नाही. ती हंडा घासत बसली होती. तो घासून घासून लखलखीत झाला होता तरी घासतच होती.

जिवा भरलेला हंडा घेऊन पुढं गेला. तो ऐकण्याच्या पल्ल्याबाहेर गेल्यावर रखमी म्हणाली, "काकी." ती सकूकडे बघत नव्हती, पाण्याकडे बघत होती. "ती तुमची डागतरीनबाई... बाईमानूसच हाय ना?"

"हां."

"वरडते का?"

"नाय वरडत," सकू म्हणाली. "हात धुते आन् इचारते. मी येईन तुझ्यासंगं."

रखमीनं हंडा भरला, चुंबळ ठेवली, एक गुडघा टेकून हंडा डोक्यावर घेतला आणि ती चढाला लागली. पावलं जवळजवळ टाकत, मांड्या आवळून, प्रत्येक उंचवट्याशी क्षणभर थांबून.

सकू झऱ्याशी उभी राहून बघत राहिली. ही चाल ती ओळखत होती. आणि वरच्या वळणावर पुढं गेलेल्या बायकांची रांग दिसत होती. उन्हात सगळ्यांचे हंडे चमकत होते. सकूनं एकेकीच्या पायांकडे बघायला सुरुवात केली.